आधी गवत तोल

प्रिय पोरी,

तुझा निरोप रात्री वाचला. खारघरच्या डोंगरावर तुम्ही लावलेली रोपं वणव्यात गेली, आणि इकडे तुझ्या प्रबंधात तू लिहीत होतीस की आग हा आफ्रिकेतल्या सव्हानाचा, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ रानाचा, स्वभावच आहे. आता तुला दोन्हींतलं काहीच खरं वाटेना. 'वणवा चांगला की वाईट, ते एकदा सांगा,' म्हणतेस. नाही सांगणार. कुठल्या डोंगरावरचा, कुठल्या महिन्यातला, चौरस मीटरमागे किती गवत होतं, ते तू आधी सांग.

रोपं गेल्याचं दुःख मला कळतं. दोन उन्हाळे तुम्ही डोक्यावरून पाणी नेलंत. पण त्या रागात 'सगळे वणवे म्हणजे नुसता कार्बन' असं तू लिहिलंस, ते मला चालणार नाही. सव्हानात गवत जळून निघालेला कार्बन डायऑक्साइड उसना असतो, पुढच्या पावसात नवं गवत तो परत घेतं. म्हणून देशाने किती वायू सोडले याच्या राष्ट्रीय हिशेबात गवताळ जमिनीच्या आगीचा कार्बन डायऑक्साइड सहसा धरत नाहीत. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हे हवा तापवणारे वायू मात्र गवत परत घेत नाही. किलोभर सुकं गवत जळलं की आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २००६ च्या तक्त्याप्रमाणे २.३ ग्रॅम मिथेन आणि ०.२१ ग्रॅम नायट्रस ऑक्साइड. दिसायला चिमूटभर. पण जगात दरवर्षी जळणाऱ्या क्षेत्राचा मोठा वाटा एकट्या आफ्रिकेत आहे, मग त्या चिमटीचं काय होतं ते बघ.

आणि तुझे मार्गदर्शक म्हणतात, उपग्रहाची चित्रं आहेत, मैदानात कशाला जायचं? अगं, आगीतून निघणाऱ्या वायूंचा हिशेब चार आकड्यांच्या गुणाकाराचा आहे: जळलेलं क्षेत्र, हेक्टरी सुकं गवत, त्यातलं खरोखर किती जळलं, आणि किलोमागे किती वायू. आकाशातून नीट मिळतो तो पहिला, बाकीच्यांची मुळं जमिनीत. तो पहिलासुद्धा पक्का नाही. २०१६ सालचं आफ्रिकेतलं जळीत क्षेत्र सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या बारीक चित्रांवरून पुन्हा मोजलं, तेव्हा ५०० मीटरचा एकेक ठिपका असलेल्या जुन्या नकाशापेक्षा सुमारे ८० टक्के जास्त भरलं. लहान लहान आगी आधी दिसल्याच नव्हत्या. म्हणून म्हणते, गवत तोल.

मला हट्टी म्हणायचे. सोबतचे लोक संगणकावर प्रारूपं (मॉडेल) बांधून पुढे गेले, मी मुरबाडकडच्या उतारांवर विळा घेऊन चौकोन कापत राहिले. चांगल्या पावसाच्या वर्षी आणि पावसानं ओढ दिलेल्या वर्षी त्याच चौकोनातलं वजन इतकं वेगळं यायचं की सगळ्या वर्षांना एकच आकडा लावायला माझा हात धजावला नाही. शोधनिबंध कमी झाले, बढती उशिरा आली. तरीही मी तेच करीन. खंत एवढीच की निधी थांबला आणि ती नोंद तुटली. दक्षिण आफ्रिकेत क्रुगर राष्ट्रीय उद्यानात १९५४ पासून ठरावीक तुकडे ठरलेल्या महिन्यांत जाळतात, काही मुद्दाम आगीपासून राखतात, आणि आजही मोजतात. त्या सलगपणाचा मला हेवा वाटतो.

पण क्रुगरचा निकाल उचलून खारघरला लावू नकोस. तिथं उत्तरेला वर्षाला ४०० मिलिमीटर पाऊस, दक्षिणेला ७०० च्या वर. आपल्याकडे २,००० च्या पुढे. आपलं कुसळी गवत तिथंही उगवतं, ऑस्ट्रेलियातही. गवत तेच, तरी आग तीच नव्हे. उत्तर ऑस्ट्रेलियात पश्चिम आर्नहेम लँडमध्ये तिथले आदिवासी रेंजर कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच, गवतात ओल असताना, थोडं थोडं जाळतात. रात्रीच्या दवानं आग विझते, आणि पुढची मोठी आग अडते. २००६ पासून त्या कमी झालेल्या वायूंचे त्यांना पैसे मिळतात. का मिळतात? वर्षानुवर्षं कुणीतरी तिथलं जळण तोललं होतं म्हणून! नुसती 'आमची परंपरा आहे' म्हणून कुणी दमडी दिली नसती, आणि ती परंपरा नसती तर तोलायला काही उरलं नसतं.

तुमच्या रोपांसाठी दिवाळीनंतर, गवत पुरतं वाळायच्या आत, जाळरेषा काढा, म्हणजे भोवतीचा गवताचा पट्टा आधीच जाळून मोकळा करा. ती कुठून काढायची ते डोंगरावरच्या पाड्यांतल्या मंडळींना विचारा, आग कुठून चढते ते त्यांना तुमच्याआधी कळतं. प्रबंध सोडायची भाषा आता पुरे.

शनिवारी सकाळी लवकर डोंगरावर जा. जळलेल्या पट्ट्याला लागून जे गवत वाचलंय, तिथं एक मीटरचा चौकोन दोरीनं आख, बुडापासून काप, कागदी पिशवीत भर. जळलेल्या बाजूला तेवढ्याच चौकोनातली उरलेली खुंटं वेगळ्या पिशवीत. असे निदान दहा जोड. प्रयोगशाळेतल्या ओव्हनमध्ये ७० अंशांवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेव. मग आकडे मला पाठव, कच्चेच पाठव, सरासरी काढून नको. आणि जाड पँट घाल, कुसळं पार आत रुततात.

तुझी,
ठाण्याची बाई