पक्ष्याची मादी सगळ्या अंड्यांत सारखीच गुंतवणूक करते का?

नाही. भेदभाव अंड्याच्या आतूनच सुरू होतो. कॅनरीची मादी रोज एक अंडं घालते, पण सगळी घालून व्हायच्या आधीच उबवायला बसते. त्यामुळे शेवटचं पिल्लू मागाहून बाहेर येतं. जीवशास्त्रज्ञ ह्यूबर्ट श्वाबल यांनी १९९३ मध्ये दाखवलं, की नंतरच्या अंड्यांच्या बलकात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) वाढत जातं. म्हणजे धाकट्याला चोच वासून घास मागायला जास्तीचा जोर!

गायबगळ्यांचं (गुरांमागे फिरतात ते) मात्र नेमकं उलटं. पहिल्या अंड्यांत हे संप्रेरक जास्त. थोरली पिल्लं धाकट्याला टोचून हैराण करतात, खाणं कमी पडलं तर ते मरतंही, आणि आईबाप सहसा मध्ये पडत नाहीत. क्रूर वाटेल, पण पुढे खाणं किती मिळेल याची खात्री नसताना एखादं अंडं जास्त घालून ठेवणं मादीला परवडतं.