टक्केवारीकडून मालकीकडे: डेव्हिड गेफन यांच्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: अमेरिकेतील डेव्हिड गेफन हे आधी गायकांचे मॅनेजर होते आणि नंतर रेकॉर्ड कंपनीचे मालक झाले, असे वाचनात आले. मॅनेजरने गायकाच्या वतीने कंपनीशी घासाघीस करायची असते. तोच कंपनीचा मालक झाला तर गायकाची बाजू कोणी मांडायची? आणि नुसत्या मॅनेजरकीतून माणूस अब्जाधीश होतो का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: आधी तुमचा दुसरा प्रश्न घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते. नुसत्या मॅनेजरकीतून कोणी अब्जाधीश होत नाही. अमेरिकेत कार्यक्रम मिळवून देणारा एजंट साधारण 10 टक्के घेतो आणि कलाकाराचा एकूण कारभार पाहणारा मॅनेजर 15 ते 20 टक्के. गायक गात असतो आणि आपल्याकडे टिकून असतो तोवरच ही मिळकत चालते. गाण्याचे हक्क ज्याच्याकडे असतात त्याला मात्र गायकाचा आवाज बसला तरी पैसे येत राहतात. गेफन यांना हे फार लवकर उमगले, आणि माझ्या मते त्यांची सारी कारकीर्द टक्केवारीकडून मालकीकडे झालेला प्रवास आहे.

त्यांचा जन्म 1943 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. आई स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांचे दुकान चालवी, आणि गिऱ्हाइकाशी कसे बोलावे हे मुलगा तिथेच शिकला असावा. 1964 मध्ये ते कलाकारांना कामे मिळवून देणाऱ्या विल्यम मॉरिस या एजन्सीच्या टपाल विभागात लागले. अर्जात त्यांनी पदवीधर असल्याची थाप मारली होती, आणि अशाच थापेपायी एका सहकाऱ्याची नोकरी गेल्याचे कळल्यावर ते रोज सर्वांच्या आधी कचेरीत पोहोचून टपालाचे गठ्ठे चाळू लागले. पदवीविषयी विद्यापीठाचे पत्र आले तेव्हा ते त्यांनी काढून घेतले आणि त्याजागी आपण पदवीधर असल्याचे बनावट पत्र ठेवले. ही हकीकत त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितली आहे, आणि सांगताना ते फारसे ओशाळत नाहीत.

मॅनेजर म्हणून त्यांचे पहिले मोठे नाव लॉरा नायरो. 1967 च्या जूनमध्ये मॉन्टेरे येथील महोत्सवात या 19 वर्षांच्या गायिकेचा कार्यक्रम रंगला नाही, अशी बोलवा झाली होती. गेफन यांनी एजन्सीची नोकरी सोडून त्यांचे काम हाती घेतले आणि दोघांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीत गीतांच्या हक्कांची कंपनी काढली. इथे एक बारकावा ध्यानात घ्यायला हवा. नायरो यांच्या स्वतःच्या तबकड्या बेताच्याच खपत, पण त्यांनी रचलेली गाणी इतर गायक-गट गात आणि ती तुफान चालत. त्यांपैकी फिफ्थ डायमेन्शन या गटाने गायलेले एक गाणे 1969 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. म्हणजे गायिकेच्या मिळकतीवरच्या टक्केवारीपेक्षा गीतांच्या हक्कांतला अर्धा वाटा कितीतरी मोलाचा ठरला. त्याच वर्षी ती कंपनी काही दशलक्ष डॉलरच्या शेअर्सच्या बदल्यात सीबीएस या प्रसारण कंपनीला विकली गेली, आणि अवघ्या 26 व्या वर्षी गेफन श्रीमंत झाले.

निव्वळ मॅनेजर म्हणूनही ते कसबी होते, हेही सांगायला हवे. क्रॉस्बी, स्टिल्स आणि नॅश या तिघांना एकत्र गायचे होते, पण नॅश एका कंपनीशी करारबद्ध होते आणि स्टिल्स अटलांटिक या दुसऱ्या कंपनीशी. स्टिल्स यांचे जुने सहकारी रिची फ्युरे यांचा नवा गट नॅश यांच्या कंपनीला द्यायचा आणि नॅश यांना अटलांटिककडे आणायचे, अशी अदलाबदल जुळवून आणण्यात गेफन पुढे होते. बैलबाजारात शोभेल असा हा सौदा होता, पण त्यातून दोन्ही कंपन्यांचे समाधान झाले.

पुढे एलियट रॉबर्ट्स यांच्यासह त्यांनी मॅनेजमेंटचा मोठा व्यवसाय उभारला. जॅक्सन ब्राउन या नव्या गायकाला घेऊन ते अटलांटिकचे अहमेत एर्तेगुन यांच्याकडे गेले, तेव्हा एर्तेगुन यांनी त्याला घेण्याऐवजी गेफन यांनाच स्वतःची कंपनी काढायला सुचवले. 1971 मध्ये असायलम रेकॉर्ड्स निघाली आणि पुढच्याच वर्षी सुमारे 70 लाख डॉलरना ती वॉर्नरने घेतली. प्रमुखपदी गेफनच राहिले.

तुमचा पहिला प्रश्न इथे येऊन थांबतो. शेतकऱ्याचा माल विकून द्यायला बसलेला अडत्याच स्वतः तो माल खरेदी करू लागला, तर भाव कोणाच्या बाजूने ठरेल हे बाजार समितीत एकदा पाऊल टाकलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. असायलममध्ये ईगल्स या गटाचे मॅनेजर, त्यांच्या गीतहक्कांचे धारक आणि त्यांची रेकॉर्ड कंपनी या तिन्ही ठिकाणी थोड्याफार फरकाने तीच मंडळी होती. गेफन यांचे चाहते म्हणतात की कलाकाराला समजून घेणारा मालक त्या काळी दुर्मीळ होता, आणि त्यात तथ्य आहे. पण ईगल्सना हे पटले नाही. त्यांनी गीतहक्कांसाठी पुढे न्यायालयात धाव घेतली. लॉरा नायरो यांनीही असायलममध्ये न येता आपल्या आधीच्या कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीशीच पुन्हा करार केला आणि गेफन यांच्याशी त्यांचा संबंध तुटला. त्यांचा निर्णय मला समजण्यासारखा वाटतो.

प्रश्न: कलाकारांची बाजू घेणाऱ्या या गृहस्थांनी स्वतःच्याच गायकावर खटला भरला होता, हे खरे आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: खरे आहे. 1980 मध्ये त्यांनी गेफन रेकॉर्ड्स काढली. जॉन लेनन आणि योको ओनो यांचा अल्बम त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या कंपनीने प्रकाशित केला आणि 8 डिसेंबरला लेनन यांची हत्या झाली. गायक नील यंगही याच कंपनीत आले. त्यांनी एक अल्बम यंत्राने बदललेल्या आवाजात केला आणि दुसरा 1950 च्या दशकातील रॉक-अँड-रोलच्या धाटणीचा. तेव्हा 1983 मध्ये कंपनीने ही ध्वनिमुद्रणे नील यंग यांना साजेशी नाहीत, असा दावा करून सुमारे 33 लाख डॉलरची भरपाई मागितली. नील यंग यांचे संगीत नील यंगसारखे नाही म्हणून नील यंग यांच्यावरच खटला! गंमत म्हणजे यंग यांची बाजू सांभाळणारे मॅनेजर होते गेफन यांचेच जुने भागीदार एलियट रॉबर्ट्स. यंग यांनी उलट दावा ठोकला, अखेर तडजोड झाली आणि गेफन यांनी माफीही मागितली.

1990 मध्ये गेफन यांनी ही कंपनी सुमारे 54 कोटी डॉलरच्या शेअर्सच्या बदल्यात एमसीए या करमणूक कंपनीला विकली. वर्ष सरता सरता जपानच्या मात्सुशिताने एमसीएच विकत घेण्याचा सौदा केला आणि त्या शेअर्सचे मोल आणखी वाढले.

प्रश्न: माझी भाची गाते. एक मॅनेजर तिच्याशी करार करू पाहत आहेत. काय पाहावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: टक्का किती हे सर्वजण पाहतात; तो टक्का कशावर, हे आधी पाहा. प्रवास आणि साथीदारांचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेवर की हाती आलेल्या एकूण रकमेवर? करार संपल्यावर जुन्या गाण्यांच्या मिळकतीतून मॅनेजरने किती वर्षे वाटा घ्यायचा, हेही स्पष्ट लिहून घ्या. मॅनेजरच्या स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या कंपनीला गाण्याचे हक्क देण्याचे कलम असेल, तर सही करण्यापूर्वी वेगळ्या वकिलाला दाखवा. मॅनेजरने सुचवलेल्या वकिलाला नव्हे. भाची स्वतः गीते लिहीत किंवा चाली बांधत असेल, तर आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीनुसार चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गीत-संगीतावरील रॉयल्टीचा तिचा समान वाटा करारात लिहून दिला तरी सुटत नाही. तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. ती केवळ गात असेल, तर ही तरतूद तिला लागू होणार नाही.