पहिल्या धनुष्यासाठी लाकूड कोणतं?

प्रश्न : घरीच पहिलं धनुष्य करायचं आहे. सागाची जुनी फळी चालेल का? – एक वाचक, ता. धानोरा, जि. गडचिरोली

उत्तर : फळी दारासाठी ठेवा. साग टिकाऊ खरा, पण इतकं वाकवलं की कडकन मोडतो. शिवाय फळीत तंतू तिरपे कापलेले असतात. ताण आला की तिथूनच चिलपी उठते.

धामण या झाडाचं लाकूड उत्तम. कुऱ्हाडीला त्याचा दांडा घालतात तो याच लवचिकपणासाठी. मात्र सरळ, बिनगाठीचा तुकडा हवा आणि वाळवायला धीर हवा.

म्हणून पहिल्या वेळी बांबूच घ्या. मानवेल जातीचा, किमान 3 वर्षांचा, थंडीत तोडलेला. कोवळा बांबू वाळताना आक्रसतो, आणि पावसाळ्यात तोडलेल्याला भुंगा लवकर लागतो. भिंत निदान अर्धा इंच जाड हवी. 26 इंच ओढीला (पूर्ण ताणल्यावर मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर) साडेपाच फूट लांबीची, मधोमध दीड इंच रुंदीची पट्टी पुरते. उभी चिरा आणि सावलीत वाळवा. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात ती हमखास तडकते. दर आठवड्याला वजन करा. वजन घटायचं थांबलं की वाळली. ओल्या पट्टीचं धनुष्य दोरी काढल्यावरही वाकलेलंच राहतं.

बांबूची चकचकीत साल निशाणाकडे ठेवा. तिला पटाशी लावू नका, पेरंही तासू नका. सगळा ताण तीच पेलते. तासायचं ते फक्त आतल्या बाजूने, धनुष्याचे दोन्ही हात, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा भाग, सारखे वाकेपर्यंत, थोडं थोडं.