पायाखालचा मास्टर सिलिंडर

प्रश्न : नोकरीनिमित्त मी अनेक वर्षे न्यू जर्सीत राहतो. गेल्या वर्षी १९५१ सालचा शेव्हरोले ३१०० हा पिकअप ट्रक हौसेने घेतला. सिग्नलला ब्रेक दाबून उभे राहिले की पेडल हळूहळू खाली बसते आणि दोन-तीनदा दाबल्यावर पुन्हा वर येते. बॉनेटखाली ब्रेक ऑइलची टाकी कुठेच दिसत नाही. ती ड्रायव्हरच्या पायाखाली असते, असे आता समजले. तिथे हात पोहोचावा म्हणून पत्रा कापून घ्यावा, असे एका परिचितांनी सुचवले आहे. तसे करावे का? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : कृपया पत्रा कापू नका. आपल्याला हवी असलेली वाट त्या पत्र्यात मुळातच ठेवलेली आहे.

१९४७ ते १९५५च्या सुरुवातीपर्यंत निघालेल्या या घराण्यातील ट्रकांची पेडले वरून लोंबत नाहीत, तर जमिनीतून वर येतात. त्यामुळे मास्टर सिलिंडर, म्हणजे ऑइलची टाकी असलेला आणि पेडल दाबताच ते ऑइल चाकांकडे ढकलणारा भागही ड्रायव्हरच्या पायाखाली, डाव्या चासीच्या आतल्या अंगाला बसवलेला असतो. आपल्याकडच्या जुन्या सीजे-३बी जीप ज्यांनी सांभाळल्या आहेत, त्यांना ही मांडणी नवी वाटणार नाही. ड्रायव्हरच्या बाजूची रबरी मॅट पूर्ण उचला. खाली स्क्रूने बसवलेले छोटे झाकण दिसेल. ते दिसले नाही, तर पूर्वीच्या कोणी मालकाने त्यावर डांबरी लेप किंवा दुसरा पत्रा चढवला आहे का, हे बोटांनी चाचपून पाहा. (शेजारच्या सीटसमोर जमिनीत असलेले झाकण बॅटरीचे आहे, त्याच्याशी गल्लत करू नका.) गंजलेल्या स्क्रूंवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल टाकून ठेवावे, कारण डोके उडालेला एक स्क्रू काढण्यात अख्खी सकाळ जाते.

झाकण निघाल्यावर लगेच पाना लावण्याचा मोह आवरा, ही माझी सगळ्यात आग्रहाची विनंती आहे. खाली जे दिसेल ते सिलिंडरसारखे दिसणारच नाही. रस्त्यावरची माती, ग्रीस आणि झिरपलेले ऑइल यांचा काळा थर त्यावर साचलेला असतो आणि टोपणाचे षट्कोनी डोके त्यातून जेमतेम वर आलेले असते. तो थर आधी लाकडी काडीने खरवडा, मग व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि शेवटी ब्रेक क्लीनर व ब्रशने आजूबाजूचा भाग धातू दिसेपर्यंत धुवा. माझ्या जीपचे टोपण मी एकदा वरवर पुसून उघडले होते. पुढच्याच आठवड्यात चारही चाके गरम होऊ लागली आणि सिलिंडर खोलला तेव्हा, पेडल सोडल्यावर ऑइल ज्या बारीक छिद्रातून टाकीत परत येते, त्याच्या तोंडाशी वाळूचा एक कण अडकलेला सापडला. त्या टोपणालाही हवेसाठी बारीक छिद्र असते. ते बुजलेले असेल तर मोकळे करा. टोपणाला रिंग पानाच लावा, म्हणजे डोके झिजणार नाही.

आता टॉर्चच्या उजेडात पातळी पाहा. ऑइल काठापासून साधारण अर्धा इंच खाली असावे. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांचा निवाडा याच पातळीवर होतो. महिनाभर पातळी तशीच राहून पेडल बसत असेल, तर ऑइल बाहेर गळत नसून सिलिंडरच्या आतल्या झिजलेल्या रबरी कपावरून मागे सरकत आहे. पातळी उतरत असेल, तर चाकांचे सिलिंडर, पाइप आणि होस तपासा. शिवाय ट्रकखाली जाऊन मास्टर सिलिंडरच्या टोकाचे रबरी बूट बोटाने हलकेच मागे दुमडा. आत ओल लागली, तर मागचा सील गेलेला आहे.

वरचे झाकण तपासण्यापुरते आणि ऑइल भरण्यापुरतेच आहे. सिलिंडर काढायला खाली झोपावेच लागते. म्हणून ट्रक सपाट काँक्रीटवर घ्या, चाकांना उटी (अडवणारे ठोकळे) लावा आणि चासी भक्कम घोड्यांवर (स्टँडवर) टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका. पाइपचा नट साध्या पान्याने गोल होतो, त्यासाठी ब्रेक पाइपचा खास पाना वापरा. पेडलची जोडणी सोडवून चासीचे बोल्ट काढताना सिलिंडरला एका हाताचा आधार द्या, कारण तो बिडाचा आणि जड असतो. आतला भाग खड्डे पडून गंजला असेल, तर नुसते किट (आतल्या रबरी भागांचा संच) घालण्यात अर्थ नाही. नवा सिलिंडर घ्या आणि बसवण्यापूर्वी बाकावरच त्याची एअर (ऑइलमध्ये अडकलेली हवा) काढा. मग चाकांची एअर सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे मागचे उजवे, मागचे डावे, पुढचे उजवे आणि पुढचे डावे या क्रमाने काढा.

हे काम करतानाच दुहेरी सिलिंडरचा, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांना वेगळे मार्ग देणाऱ्या सिलिंडरचा विचार करावा, असे मी मनापासून सुचवतो. मूळ रचनेत चारही चाकांना एकच मार्ग आहे. एक पाइप फुटला की पायाखालचा ब्रेक पूर्ण जातो. अमेरिकेत दुहेरी सिलिंडर १९६७च्या मॉडेलांपासून सरसकट आले. त्याच जागी, जमिनीखाली दुहेरी सिलिंडर बसवण्याचे ब्रॅकेट मिळतात आणि त्यासाठी केबिनला हात लावावा लागत नाही. मात्र जुने झाकण दोन्ही टाक्यांच्या नेमके वर येत नाही. तेव्हा बॉनेटखाली छोटी टाकी बसवून होसने खाली ऑइल पोहोचवण्याची सोय करून घ्यावी. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावलेत, तर सिलिंडर चाकांच्या कॅलिपरपेक्षा (डिस्क आवळणाऱ्या भागापेक्षा) खाली राहतो आणि ऑइल मागे उतरते. ते अडवायला पुढच्या मार्गात २ पीएसआयचा (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावरचे पौंड) दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह लागतो. ड्रम ब्रेकसाठी तो १० पीएसआयचा असतो.

ब्रेक ऑइलच्या प्रतींपैकी डॉट ३ किंवा डॉट ४ चालेल, पण सीलबंद डब्यातलेच घ्या, कारण ते हवेतला ओलावा शोषते. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा. सिलिकॉनचे डॉट ५ यांत मिसळू नका. शेवटी हाताने पेडल दाबून पाहा : सिलिंडरमधल्या पिस्टनला पेडलची दांडी टेकण्याआधी पाव ते अर्धा इंच मोकळी चाल हवी. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, परतीचे छिद्र झाकलेले राहते आणि ब्रेक धरून बसतात. चाल जमली की मॅट तशीच बाजूला ठेवून रात्रभर ट्रकखाली कोरा पुठ्ठा पसरा आणि सकाळी त्यावर डाग नसेल, तरच झाकण लावा.