गेलेल्या मित्राचा कुत्रा : पहिली कादंबरी लिहिताना

मित्राच्या मृत्यूनंतर त्याचा कुत्रा सांभाळणाऱ्या माणसाची कादंबरी तुम्ही लिहायला घेतली असेल, तर कुत्र्याला केवळ सांत्वनाचे साधन करू नका. त्याचेही कोणीतरी गेले आहे, हे आधी मनाशी पक्के करा. सोबती गेल्यावर अनेक कुत्री खाणे कमी करतात, अधिक झोपतात, दाराशी जाऊन बसतात, आणि गेलेल्या माणसाचा न धुतलेला सदरा समोर आला की त्यात नाक खुपसून बराच वेळ हुंगत राहतात. एवढे नेमकेपणाने लिहिले, तर ‘तो दुःखी होता’ असे सांगण्याची गरजच उरत नाही. हाचिको नावाचा जपानी कुत्रा १९२५ ते १९३५ या काळात टोकियोच्या शिबुया स्थानकावर दिवंगत मालकाची वाट पाहत राहिला, पण त्या निष्ठेची नक्कल करण्याचा मोह टाळा, कारण पुष्कळ कुत्री हळूहळू नव्या माणसाला आपले मानतात, आणि माझ्या मते खरी कादंबरी त्या संथ बदलात, तो स्वीकारताना माणसाला वाटणाऱ्या अपराधीपणात असते. कुत्र्याचे वय आणि जात सुरुवातीलाच ठरवा : सेंट बर्नार्डसारखी थोराड कुत्री साधारण ८ ते १० वर्षेच जगतात, त्यामुळे दुसऱ्या वियोगाची छाया पहिल्या प्रकरणापासूनच पडते. मैत्री मात्र फक्त आठवणींतून सांगू नका; फिरण्याची ठरलेली वाट, एखाद्या शिट्टीला टवकारणारे कान, अशा कुत्र्याला लागलेल्या सवयींतून तो मित्र वाचकाला भेटू द्या.