लेकीची मैत्रीण गप्प झालीय, शपथ घातलीय, काय करावं?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. लेक अकरावीत, तिची मैत्रीण गडहिंग्लजकडची, इथं कोल्हापुरात राजारामपुरीत हॉस्टेलवर राहून मेडिकलच्या 'नीट' परीक्षेचा क्लास करते, हल्ली डबा तसाच परत पाठवते, रात्री दोन-दोनला मेसेज टाकते आणि वर 'कुणाला सांगशील तर बघ' म्हणून शपथ. पोरांसोबत बरीच वर्षं काम केलंय म्हणून सविस्तर लिहिते.

लेकीनं ऐकून घेतलं हे लई चांगलं केलं. या वयात पोरं आधी दोस्ताला सांगतात, आईबापाचा नंबर नंतर. सरकारलाही हे कळलंय, 2014 पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात पोरापोरींनाच 'साथिया', म्हणजे बरोबरीच्या पोरांशी बोलणारे दोस्त, म्हणून तयार करतात ते त्यासाठीच.

आता ऐकायचं म्हणजे मधे तोंड घालायचं नाही. आपल्याकडं समोरच्यानं दोन वाक्यं बोलली की 'एवढं काय त्यात, माझं बघ' सुरू होतं, नाहीतर 'टेन्शन घेऊ नको' म्हणून विषयच संपवतात. लेकीला सांगा, 'मग काय झालं?' आणि 'लई त्रास झाला असंल ग' एवढं बोललीस तरी पुष्कळ. आणि समोर बसवून चौकशी नको, रंकाळ्यावर चक्कर मारताना, गाडीवर मागं बसून पोरं जास्त बोलतात, तोंडाकडं बघावं लागत नाही ना.

पण 'जगून काय करायचं' असलं काही मेसेजमध्ये असेल तर आडून आडून नको, सरळ विचारायचं, 'जीव द्यायचा विचार येतोय का?' असं विचारल्यानं नसलेलं खूळ डोक्यात शिरतं असं लोकांना वाटतं, ते खरं नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर तिला एकटीला सोडायचं नाही आणि त्याच मिनिटाला मोठ्या माणसाला सांगायचं.

शपथ गेली खड्ड्यात. फक्त चोरून सांगू नये, तिला म्हणायचं, 'हे मला एकटीला झेपत नाही, मी आईला सांगणार आहे, तू पण चल.' ती रुसेल, चार दिवस बोलणार नाही, चालतंय.

पुढचं काम तुमचं, लेकीचं नव्हे. टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, तिचा 14416 नंबर चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. अठराच्या आतल्या पोरांसाठी 1098 ही चाइल्ड हेल्पलाइन आहेच, कुणी मारतंय, अंगचटीला येतंय असं काही निघालं तर तिथं लावा. सीपीआर या इथल्या सरकारी दवाखान्यात मनोविकार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं, खाजगीचा खर्च परवडत नाही म्हणून थांबू नका.

लेकीचीही झोप बघा. 'अकरानंतर मी झोपते, सकाळी पहिला मेसेज तुलाच' असं तिनं मोकळेपणानं सांगावं, पण जिवावरचं काही असलं तर मेसेज नाही, सरळ फोन, आणि तो तुम्ही घ्यायचा. 14416 दोघींच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.

हॉस्टेलवाल्यांना थेट फोन करून बोभाटा करू नका, ती पळते का काय अशी अवस्था होते. जिवाला धोका नसेल तर आधी मैत्रिणीच्या आईशी बोला, शक्यतो भेटून. टेस्टच्या मार्कांचा विषय तुम्ही काढू नका. त्या काढतीलच, तेव्हा आधी डॉक्टरांकडं कधी जायचं ते ठरवून घ्या, मार्कांचं नंतर.