एकट्याने आडवाटेच्या धबधब्यापर्यंत चालत गेल्यास निसर्गाशी नाते खरोखर जुळते का?

आपण विचारले आहे की, गर्दीला ठाऊक नसलेल्या एखाद्या धबधब्यापर्यंत एकट्याने चालत जाण्याचा अनुभव कसा असतो आणि त्यातून निसर्गाशी नाते जुळते असे जे म्हटले जाते, त्यात तथ्य किती. माझा अनुभव सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीच्या परिसरातला आहे आणि माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र ते नाते जुळले तिथवरच्या चालण्यात, फार सावकाश, आणि त्यातला बराचसा भाग धबधबा दिसण्यापूर्वीच घडून गेला होता.

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंचीवर आहे आणि तिथे वर्षाला 7,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाटरस्त्यालगतचा मोठा धबधबा सर्वांना माहीत आहे. पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी तिथे उभे राहायलाही जागा मिळत नाही. मीही अनेक वर्षे पंधरा-वीस जणांच्या गटातून तिथे गेलो. गटात असताना माणसाचे लक्ष गटाकडेच असते. मागे कोण राहिले, चहा कुठे घ्यायचा, परतीची गाडी किती वाजता, याच विचारांत दिवस संपतो. म्हणून एका वर्षी सप्टेंबरच्या मध्यावर, पावसाचा जोर ओसरल्यानंतर, आठवड्यातला कामाचा दिवस निवडून मी एकटाच निघालो.

वस्तीच्या शेवटच्या घराशी एक वृद्ध गृहस्थ गोठ्यासमोर बसले होते. मी कुठे निघालो आहे हे ऐकून त्यांनी माझ्या पायांतल्या बुटांकडे पाहिले आणि म्हणाले, "एकटेच इलास? वाटेत व्हाळ लागता. व्हाळात सपाट धोंडो आसा. तो पाण्याखाली गेलो तर फुडे जाव नकात." व्हाळ म्हणजे ओढा. त्यांनी मला दिशा सांगितली नाही, किती वेळ लागेल तेही सांगितले नाही. पुढे जावे की परतावे हे ठरवण्याची खूण तेवढी दिली. त्या संपूर्ण दिवसात मला मिळालेली सर्वांत मोलाची माहिती तीच होती.

गाव सुटल्यावर सडा लागतो. जांभ्या दगडाचे ते सपाट, उघडे पठार लांबून ओसाड वाटते. परंतु सप्टेंबरमध्ये त्यावर बोटभर मातीच्या थरात सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा पसरलेला असतो. ही वनस्पती कीटकभक्षी आहे. जांभ्यातली पोषकद्रव्ये पावसाने धुऊन जातात, म्हणून ती जमिनीलगतच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये पाण्यातले बारीक जीव पकडून आपली गरज भागवते. हे मी वाचलेले होते, पण गुडघे टेकून, नाक फुलाच्या उंचीवर आणून ते पाहायला त्या दिवशीच पहिल्यांदा वेळ मिळाला, कारण माझ्यासाठी खोळंबून राहिलेले कोणी नव्हते.

याच सड्यांवर आंबोली टोड राहतो. अंगावर पिवळसर पट्टे असलेला, अंगठ्याहून फारसा मोठा नसलेला हा भेक 2009 मध्ये शास्त्राला नव्याने ज्ञात झाला आणि जगात फक्त आंबोलीच्या परिसरातूनच त्याची नोंद आहे. पहिल्या पावसात जांभ्याच्या खळग्यांत जे ओंजळभर पाणी साठते, त्यातच तो अंडी घालतो. ज्या डबक्यातून आपण बूट न भिजवता पार होण्यासाठी उडी मारतो किंवा मजेने पाय आपटत जातो, त्यात एका संपूर्ण जातीची पुढची पिढी असू शकते, हे लक्षात आल्यापासून मी सड्यावर डबक्यांना वळसा घालून चालतो. त्या दिवशी मला तो भेक दिसला नाही. तरीही चालण्याची माझी रीत त्याच्यामुळे बदलली, आणि आपण ज्याला नाते म्हणता त्याची माझ्यापुरती सुरुवात हीच होती.

सड्याच्या कडेवर उभे राहिल्यावर आणखी एक गोष्ट मनात आली. आंबोलीतला एक ओहळ पूर्वेकडे वळला तर तो हिरण्यकेशीला मिळतो, हिरण्यकेशी घटप्रभेला, घटप्रभा कृष्णेला, आणि ते पाणी बंगालच्या उपसागरात जाते. हाकेच्या अंतरावरचा दुसरा ओहळ कड्यावरून पश्चिमेला उतरतो आणि अरबी समुद्र गाठतो. नकाशावरची ही रेषा पायांखाली असताना मी बराच वेळ तिथेच थांबलो.

त्यानंतर रान सुरू झाले. अंजनी आणि जांभळाची शेवाळलेली खोडे, गच्च सावली आणि ओल्या पानांचा वास. व्हाळ लागला तेव्हा तो सपाट धोंडा पाण्याबाहेर चार बोटे वर होता, म्हणून पलीकडे गेलो. या रानात झाडाला धरून चढण्यापूर्वी हात कुठे ठेवतो ते पाहावे लागते, कारण मलबारी चापडा हा विषारी साप फांदीवर किंवा ओढ्याकाठच्या दगडावर तासन् तास निश्चल बसून असतो आणि त्याचा रंग शेवाळात बेमालूम मिसळतो. मला एक दिसला, खांद्याच्या उंचीवर, हातभर अंतरावर. मी दोन पावले मागे सरलो. तो जागचा हलला नाही. सोबत कोणी असते तर मी मोठ्याने बोललो असतो, छायाचित्र काढले असते. एकटा असल्यामुळे मी केवळ पाहत राहिलो आणि मग लांबून वळसा घेतला.

धबधबा तीन मजली घराएवढा असेल. दख्खनचा काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झाला. त्यातला कठीण थर टिकतो, खालचा मऊ थर झिजतो आणि पाणी तिथून खाली झेप घेते. तिथे पोहोचल्यावर पहिली पंधरा मिनिटे मी अस्वस्थ होतो हे प्रांजळपणे सांगतो. हात सारखा फोनकडे जात होता. एवढे चालून आल्यावर काहीतरी वाटले पाहिजे अशी स्वतःकडूनच अपेक्षा होती. मग ती अपेक्षा हळूहळू विरली. डोळ्यांना पाण्याच्या निरनिराळ्या धारा वेगळ्या दिसू लागल्या. मधली जाड धार एका लयीत फुगत आणि ओसरत होती, कडेच्या धारा नेच्यांच्या पानांवरून ठिबकत होत्या. एक मलबारी कस्तूर चोचीत किडा घेऊन धारेमागच्या कपारीत शिरला, रिकाम्या चोचीने बाहेर आला आणि माणसाने रमतगमत शीळ घालावी तशी शीळ घालून पुन्हा गेला. ती कपार धारेमागे होती. दहा मिनिटांत निघून गेलो असतो तर मला ती कधीच दिसली नसती. मी तिथे दीड तास बसलो.

भीतीही वाटली, आणि तीही या अनुभवाचा खरा भाग आहे. धबधब्याच्या पायथ्याशी त्याच्या आवाजात बाकी सारे आवाज बुडतात. वर पाऊस सुरू झाला तरी ऐकू येत नाही. म्हणून पाण्याकडे लक्ष ठेवावे लागते. स्वच्छ पाणी गढुळले, किंवा त्यातून काटक्या आणि पाने वाहून येऊ लागली, तर क्षणभरही न थांबता उंचावर जावे. आकाश भरून येताच, पाणी अद्याप स्वच्छ असतानाच, मी उठलो. कुंडात उतरलो नव्हतो. एकट्याने उतरूही नये. कुठे जातो आणि केव्हा परतणार हे गावातल्या कोणाला तरी सांगून जावे, भर पावसाळ्यात हा बेत करू नये, आणि राखीव वनात जायचे असल्यास परवानगी घ्यावी.

त्या जागेचे नाव किंवा वाट मी इथे देत नाही, याबद्दल आपली क्षमा मागतो. आंबोलीतच हिरण्यकेशीच्या मंदिराजवळच्या पाण्यात 2020 मध्ये माशाची एक नवी जात नोंदली गेली आणि 2021 मध्ये तो 2.11 हेक्टरचा परिसर जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित झाला. इतक्या लहान जागेत इतके दुर्मीळ जीवन असते. ज्या कपारीत कस्तूराचे घरटे आहे तिच्यासमोर रविवारी दोनशे माणसे उभी राहिली, तर तो पक्षी पुढच्या वर्षी तिथे येईल असे मला वाटत नाही. आपल्या जवळच्या डोंगरात असा एखादा ओहळ निश्चित असेल. त्याच्या उगमाकडे किंवा उताराकडे आपणच चालत जावे, असे मी मनापासून सुचवतो.

परतताना ते गृहस्थ तिथेच बसले होते. त्यांनी धबधबा कसा होता हे विचारले नाही. "धोंडो वर आसा मा?" एवढेच विचारले. चार बोटे वर आहे, पण डोंगरावर ढग दाटले आहेत, असे मी सांगितले. त्यांनी आकाशाकडे पाहिले, काठी उचलली आणि पलीकडे चरायला गेलेल्या म्हशी आणण्यासाठी ते व्हाळाच्या दिशेने निघाले.